घाटात तापणारी एस्टीम

गाडी मारुती एस्टीम, 2003 चं मॉडेल, 1298 सीसीचं पेट्रोल इंजेक्शन इंजिन, ठाण्याचं एमएच-04 पासिंग. पंधरा वर्षं उलटल्यावर नोंदणी वाढवून घेतलेली, बॉडी ठणठणीत, पहिल्यापासून एकच मालक. मालक निवृत्त आहेत, घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतात. घरोबा जुना असल्यामुळे मी त्यांना काका म्हणतो. मे महिन्यात नाशिकला जाताना कसारा घाटात गाडी उकळली. पुढे जूनमध्ये पनवेलला निघाले तर मुंब्रा बायपासच्या चढावर पुन्हा तेच. काटा लालवर, बोनेटमधून वाफ.

माझ्याकडे गाडी आली तेव्हा तिच्यावर साधारण नऊ हजार खर्च होऊन बसले होते. रेडिएटर फॅनची मोटर नवीन, रेडिएटरची कॅप नवीन, वॉटर पंप नवीन. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकून दिलेला, कारण "आपल्याकडे त्याची गरजच नाही". एवढं करूनही मुंब्र्याला गाडी उकळली, म्हणून गॅरेजवाल्याने आता हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलायचं काढलं होतं. हेडखालची गॅस्केट (सील), हेडचं फेसिंग आणि मजुरी धरून वीस हजारांच्या पुढचा आकडा. पुरावा काय, तर ऑइलच्या झाकणाखाली लागलेली पांढरी साय. काका म्हणाले, "एवढे घालण्यापेक्षा भंगारात देऊन टाकतो."

नऊ हजारांत एक गोष्ट कुणी केली नव्हती, ती म्हणजे गाडी कधी तापते हे विचारणं.

"काका, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापते का?"

"नाही रे. मागच्या आठवड्यात गायमुखला तासभर अडकलो होतो, एसी चालू. काटा निम्म्यावरून हलला नाही. मोकळा रस्ता मिळाला, ऐंशीच्या पुढे गेलं किंवा चढ लागला, की मग चढायला लागतो."

या एका उत्तरात अर्धं निदान आहे. गाडी उभी असते तेव्हा रेडिएटरला हवा फक्त फॅन देतो. फॅन, त्याचा स्विच किंवा रिले खराब असेल तर गाडी जाममध्ये तापते आणि रस्ता मोकळा झाला की थंड होते. इथे नेमकं उलटं होतं. ऐंशीच्या वेगाला समोरून येणारी हवाच इतकी असते की फॅन असला काय नि नसला काय. म्हणजे फॅनची मोटर बदलायचं काही कारणच नव्हतं, आणि हे गाडीला हात न लावता कळण्यासारखं होतं.

मग वेगात किंवा चढावर काय बदलतं? उष्णता. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने चौथा ते तिसरा हिस्सा चाकांकडे जातो. उरलेल्यातला बराचसा धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तेवढाच कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवायला फिरणाऱ्या पाण्याच्या, गळ्यात पडतो. इंजिन नुसतं चालू असताना कूलंटला काही थोडे किलोवॅट बाहेर टाकायचे असतात. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर जोर लावताना तोच आकडा वीस किलोवॅटच्या घरात जातो. बाथरूममधला गिझर दोन किलोवॅटचा असतो. असे दहा गिझर एकदम चालू आहेत आणि ती सगळी उष्णता हातभर रुंदीच्या जाळीतून बाहेर काढायची आहे, असं समजा. अर्धीच चालणारी यंत्रणा जाममध्ये निभावून नेते आणि घाटात उघडी पडते.

म्हणून संशयित बदलले. पाणी फिरत नसेल: पंप कमजोर, पट्टा घसरतोय, रेडिएटरच्या नळ्या तुंबलेल्या, खालचा होज पाइप आत ओढला जातोय. किंवा हेड गॅस्केटमधून जळका वायू पाण्यात शिरतोय. किंवा इंजिन मुळातच जास्त उष्णता करतंय: ठिणगीचं टायमिंग मागे गेलेलं, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ, नाहीतर ब्रेक धरून राहिल्यामुळे इंजिन विनाकारण ओढतंय. शेवटचे तीन मी लवकर निकालात काढले. चाकं जॅकवर मोकळी फिरत होती, टायमिंग लाइटखाली खूण जागेवर होती, प्लगचं तोंड नेहमीसारखं विटकरी-भुरं होतं.

सकाळी इंजिन गार असताना कॅप उघडली. (गरम असताना उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कुणी ना कुणी हात भाजून घेतोच.) पाणी गळ्यापर्यंत होतं, पण रंग तांबूस, गढूळ. बोट आत घालून गळ्याच्या कडेला फिरवलं तर बोटाला पिठासारखा चिकट थर आला. कूलंट शेवटचं कधी बदललं हे काकांना सांगता येईना. रिझर्व्ह टाकीत पाणी कमी झालं की गाडी धुणारा पोरगा भरतो म्हणाले. कुठलं पाणी? तर सोसायटीत गाड्या धुवायच्या नळाचं. घोडबंदरच्या पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत तो नळ बोअरचा असतो. बोअरचं जड पाणी किटलीत काय करतं ते घरोघर ठाऊक आहे. रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत ते वेगळं काही करत नाही.

पुढची पायरी म्हणजे काटा खरं बोलतो का हे बघणं. डॅशबोर्डवरचा काटा एका ठिकाणच्या सेन्सरचं सांगतो. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर वाफेत उघडा पडला, तर इंजिन उकळत असताना काटा खाली येऊ शकतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं बरं झालं. म्हणून लेझरवाला इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. हा थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर भलताच कमी आकडा दाखवतो, कारण चमकदार धातू स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूचीच परतवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर नेम धरायचा. काळ्या रबरी पाइपवर टेप लागत नाही. तसं मोजलं तेव्हा काटा आणि थर्मामीटर यांचं जमलं. काटा खरा होता.

मग गाडी उभी ठेवूनच, एसी चालू करून, इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं आणि फॅन सुरू झाल्यावर दोन्ही पाइप मोजले. वरचा, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा, 97. खालचा, रेडिएटरमधून परत येणारा, 58.

हे वाचून कुणाला वाटेल की रेडिएटर काय झकास काम करतोय, एकोणचाळीस अंश उतरवतोय. तिथेच फसगत होते. निरोगी गाडीत हा फरक साधारण आठ ते पंधरा अंशांचा असतो. पाणी भरपूर आणि वेगात फिरत असतं, त्यामुळे दर फेरीला थोडंच गार होतं. चाळीस अंशांचा फरक म्हणजे पाणी रेडिएटरमध्ये रेंगाळतंय. जे थोडंफार पलीकडे पोचतं ते अगदी गार होऊन पोचतं, पण त्याचं प्रमाणच नगण्य. उलट फरक दोन-तीन अंशांचा असता तर पाणी फिरतंय पण हवा लागत नाही, असा अर्थ झाला असता आणि मी जाळीतला कचरा शोधला असता. थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता हे इथे माझ्या पथ्यावर पडलं. "व्हॉल्व्ह अर्धवट उघडत असेल" ही पळवाट उरली नव्हती.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल जाता जाता. आपल्याकडे हवा गरम, म्हणून तो नको, हा समज ठाण्यापासून पनवेलपर्यंत प्रत्येक गॅरेजात भेटतो. थर्मोस्टॅट बाहेरच्या हवेसाठी नसतो, इंजिन ठराविक तापमानाला ठेवण्यासाठी असतो. तो नसला की इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला इंजिन बराच वेळ गार वाटतं, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत तर हाच व्हॉल्व्ह गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो काढला की पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून कायमचा इंजिनातच फिरत राहतो. म्हणजे थंड करायला काढला आणि तापायचं निमित्त झालं.

आता खालचा होज पाइप. काकांसोबत आलेल्या मेकॅनिकने तो मला आधीच दाखवला होता. रेस वाढवून इंजिन साडेतीन हजारांवर नेलं की पाइप मधोमध चपटा व्हायचा, रेस सोडली की फुगून जागेवर. तो म्हणाला, "साहेब, पाइप नरम झालाय. कडक पाइप टाकू, काम झालं." त्याचं निरीक्षण अचूक होतं. निष्कर्ष पटण्यासारखा नव्हता.

पाइप आत का ओढला जातो? पंप त्यातून पाणी खेचतो आणि रेडिएटर तितकं देत नाही म्हणून. याचे दोन अर्थ निघतात. पहिला, पंप जोरदार आहे. मेलेला पंप पाइप चपटा करू शकत नाही. काकांनी जुना पंप डिकीत ठेवला होता. तो बघितला तर पात्या शाबूत, बेअरिंग गुळगुळीत. तोही विनाकारण बदललेला. दुसरा अर्थ, अडथळा पाइपच्या आधी आहे, रेडिएटरमध्ये. कडक पाइप टाकला असता तर पाइप चपटा झाला नसता, पण पाण्याची तंगी तशीच राहिली असती आणि डोळ्यांना दिसणारा एकमेव पुरावा झाकला गेला असता.

तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. रेडिएटर तुंबलेला असला तरी यंत्रणेत दाब असेल तर पाइप इतक्या सहज आत जात नाही. गरम झाल्यावर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जवळपास एका वातावरणाने जास्त असतो आणि तो पाइपला आतून फुगवून धरतो. म्हणजे दाब टिकत नव्हता. कुठून जात होता? हातपंपाने रेडिएटरला 0.9 बारपर्यंत दाब दिला, तो टिकला, गळती नाही. मग नवी कॅप टेस्टरवर लावली. छापा 0.9 चा, पण 0.3 च्या आसपास ती दाब सोडून देत होती. बाजारातली जेनेरिक कॅप. या गळ्याला तिची खालची रबरी चकती नीट टेकतही नव्हती.

हिशोब साधा आहे. उघड्यावर पाणी 100 अंशांना उकळतं. 0.9 दाबाखाली तेच पाणी 119 च्या आसपास उकळतं. 0.3 दाब असेल तर 107 लाच. कॅप म्हणजे नुसतं झाकण नव्हे, घाटात लागणारी राखीव जागा ती असते. आणि गंमत बघा: कसाऱ्याला गाडी तापली ती जुन्या कॅपवर, पूर्ण घाट चढताना. मुंब्र्याला तापली ती नव्या कॅपवर, आणि तिथला चढ कसाऱ्याच्या मानाने किरकोळ. मधल्या दुरुस्तीने दुखणं वाढवलं होतं.

हेडचं काय, हा प्रश्न उरला होता. दोनदा उकळलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. रेडिएटरच्या गळ्यावर ब्लॉक टेस्टर लावला. त्यातलं निळं द्रव जळका वायू लागला की पिवळं पडतं. इंजिन तापवून, रेस देऊन, बराच वेळ धरलं तरी निळं ते निळंच. गार इंजिन चालू केल्यावर वरचा पाइप मिनिटभरात दगडासारखा कडक होत नव्हता. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एका पट्ट्यात होतं, शेजारशेजारचे दोन कुठे पडलेले नव्हते. राहिली ती साय. ती फक्त झाकणाला होती; डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ काळपट. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, त्यातून थर्मोस्टॅट नसल्याने पुरतं गरमच न होणाऱ्या इंजिनात, दमट हवेचं पाणी झाकणाखाली साचतं आणि ऑइलशी घुसळून पांढरं होतं. हेड गॅस्केट गेल्यावरची साय डिपस्टिकवरही दिसते. हेड खोलायची गरज नव्हती.

एक धागा मात्र सुटा होता. वीस वर्षांत बोअरच्या पाण्याने थर धरणं समजू शकतं, पण दीड वर्षापूर्वीपर्यंत हीच गाडी कसारा बिनतक्रार चढत होती. थर इतक्या झटकन वाढत नाही. म्हणून मी पुन्हा विचारलं, मधल्या काळात काही झालं होतं का. काका नाही म्हणाले. चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, शहापूरला नाही का पाणी गळायला लागलं होतं? त्या माणसाने हळद घातली होती की."

हळद! रस्त्यावरचा जुना तोडगा. रेडिएटरला बारीक भोक पडलं की हळदीची पूड पाण्यात सोडायची. ती भोकात जाऊन फुगते, अडकते, गळती थांबते. आडरानात हा उपाय घरी पोचवतो, हे मी नाकारत नाही. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. घरी पोचल्यावर रेडिएटर खोलून साफ करायचा असतो. गळती थांबली, काका विसरले, आणि हळद आधीच अरुंद झालेल्या नळ्यांत बसून राहिली.

रेडिएटर उतरवला. कधीतरी आधी बदललेला, तांब्या-पितळेचा होता, हे बरं झालं. ॲल्युमिनियमच्या आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या रेडिएटरमध्ये पत्ती घालून सफाई होत नाही, तो सरळ बदलावा. वागळे इस्टेटीतल्या रेडिएटरवाल्याने बर्नरने डाख वितळवून वरची टाकी उचलली आणि मला आत बघायला सांगितलं. चपट्या नळ्यांची तोंडं रांगेने दिसत होती, एका बाजूच्या जवळपास सगळी बुजलेली. भरलेला लगदा वरून मळकट पांढरा, आत लालसर. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, कुंकू तसंच बनतं. कूलंट अल्कलीच असतं. पोलादी पत्ती एकेका नळीतून वरून खाली घालताना काही नळ्यांत ती बोटभर जाऊन अडायची. तो जोर करत नव्हता; मागे घ्यायचा, पाणी मारायचा, पुन्हा घालायचा. जोर केला तर जुनी नळी आतून फाटते. टाकी बसवून, हवा भरून हौदात बुडवला तेव्हा अपेक्षेप्रमाणे एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. शहापूरचं भोक. हळद गेली, गळती परत आली, आणि या वेळी तिला डाख लागला.

इकडे इंजिन उलट्या दिशेने धुतलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. हीटरची वाटही. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, आणि तोही तुंबला होता. पण ठाण्यात हीटर लावतो कोण, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खालचा पाइप वय झालं म्हणून बदलला. 82 छापाचा नवा थर्मोस्टॅट आणला, बसवण्याआधी पातेल्यात थर्मामीटरसोबत उकळत ठेवला. 82-83 ला तोंड उघडायला लागलं. कॅप मूळ मापाची, टेस्टरवर तपासून घेतलेली. कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं निम्मं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणाऱ्यांसाठी: ते गंज रोखतं आणि उकळबिंदू वर नेतं, त्यासाठी घालायचं. हवा काढायला सोसायटीच्या उतारावर नाक वर करून गाडी लावली, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी, आणि फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत वरचा पाइप दाबत राहिलो.

सगळा खर्च पाच हजारांच्या आत बसला.

पहिली चाचणी मुंब्रा बायपास. काटा निम्म्याला चिकटलेला. मग काका-काकूंसह कसारा, एसी चालू, चार माणसं. घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवून मोजलं: वरचा पाइप 93, खालचा 81. साडेतीन हजारांवर रेस दिली, पाइप गोलच. चढताना एसीमुळे काटा निम्म्याच्या वर सुताएवढा गेला होता. एसीच्या कंडेन्सरच्या पात्या पुढून बऱ्याच दबलेल्या आणि धुळीने भरलेल्या आहेत, त्याचा तो परिणाम असावा. ते काम काकांनी दिवाळीनंतरवर टाकलं आहे.

रेडिएटरचा कोर, म्हणजे नळ्यांची जाळी, जुना आहे हे विसरून चालणार नाही. पत्ती फिरलेल्या नळ्यांची भिंत पातळ झालेली असते आणि एक डाख लागलेल्या रेडिएटरला दुसरा लागायला वेळ लागत नाही. गाडी धुणाऱ्या पोराला कूलंटची बाटली दिली आहे आणि नळाचं पाणी घालायचं नाही म्हणून बजावलं आहे. दर तीन महिन्यांनी दोन्ही पाइपांमधला फरक मोजून काका तो वहीत लिहून ठेवतील. वीसच्या पुढे गेला तर पुन्हा सफाई करायची नाही, सरळ नवा रेडिएटर घ्यायचा, असं आमचं ठरलं आहे.